हांडेसाहेबांची दगडी कचेरी

सीताराम हांडे साहेबांची आणि माझी पहिली भेट भर पावसात, दगडी कचेरीच्या मागच्या अंगणात झाली. मी बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेत नुकतीच कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले होते. कचेरीत संगणक येणार होते, त्यांच्यासाठी नवं वायरिंग करायचं होतं आणि भिंती कापून आत नळ्या घालायच्या, असा आराखडा मी मोठ्या तोऱ्यात काढून आणला होता. उपअभियंता साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं, तर शिपाई म्हणाला, "मागं उभं हायेत. पाणी बघत्यात."

मला वाटलं, नळाला पाणी नसेल. मागे गेले तर साहेब छत्री धरून पागोळ्यांखाली उभे होते आणि जोत्याभोवतीच्या दगडी गटाराकडे टक लावून बघत होते. मी आराखडा पुढे केला. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. माझी काळजी म्हणून नव्हे, कागद भिजू नये म्हणून. मग स्वतः भिजत म्हणाले, "कोकरेबाई, वायर नंतर. आधी या कचेरीतलं पाणी बाहेर कसं जातं ते बघा. ही भिंत दगड-चुन्याची. जमिनीतली ओल हिच्यात चढते आणि वाऱ्यानं वाळून जाते. हिला घाम येतो म्हणा की. घाम वाळू दिला तर ही नातवंडांना पुरंल. ओल्या अंगावर रेनकोट चढवला तर आतल्या आत कुजंल."

माझा आराखडा त्या दिवशी बाद झाला. राग आला होता, खोटं कशाला सांगू. आज साहेबांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आहे, तर लेखणी पुन्हा पुन्हा त्या भिंतीपाशीच जाते. संपादक मंडळाने प्रेमाने बजावलं आहे, "मॅडम, चांगलं चांगलं लिहा." साहेबांबद्दल वाईट लिहायला माझ्यापाशी काही नाहीच. पण ज्या इमारतीसाठी त्यांनी नोकरी झिजवली, ती आज टेकूंवर उभी आहे, दारावर 'धोकादायक' अशी पाटी आहे आणि तिला पाडण्याची फाइल पुढे सरकते आहे. तिला वगळून साहेबांबद्दल लिहायचं, तर माझ्या हातात फक्त शाल आणि श्रीफळ उरतं.

साहेब मूळचे पिंपरी पेंढारचे. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, पुण्याला स्थापत्य शिकले आणि बदल्यांचा खेळ संपल्यावर जुन्नर-आंबेगावात परत आले. या दोन तालुक्यांतल्या जुन्या सरकारी इमारती त्यांच्याकडे आल्या: विश्रामगृहं, चावड्या, धान्याची जुनी कोठारं आणि या सगळ्यांत थोरली दगडी कचेरी. जाड दगडी भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. खात्यात अशा इमारतींवर बदली होणं म्हणजे शिक्षा समजली जाई. नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते, पेढे वाटले जातात. जुन्या इमारतीचं कौल बदललं तर कोण पेढे वाटणार? साहेब मात्र नवी सून माहेरी निघावी तशा उत्साहाने या इमारतींकडे निघत.

त्यांना जुन्याचं वेड होतं, अशी एक समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. कचेरीत संगणक साहेबांनीच आग्रह धरून आणवले. माझं वायरिंग झालं, फक्त भिंती न कापता, तुळयांच्या कडेने लाकडी पट्ट्यांवरून. अर्थिंगचा खड्डा नव्याने खणला, छपरावर वीजरोधक बसवला. पाण्याची मोठी टाकी छपरावर चढवायचा हुकूम आला, तेव्हा साहेबांनी ती बाहेर वेगळ्या कट्ट्यावर उभी केली, कारण सागवानी तुळईच्या डोक्यावर तेवढं ओझं देणं त्यांना पटेना. एसी आले तर त्यांचं ठिबकणारं पाणी नळीने जास्वंदीच्या वाफ्यात सोडलं. मला ते बारीकसारीक वाटायचं. वरिष्ठ एकदा चिडून म्हणाले, "हांडे, तुम्ही त्या एसीचं पाणीपण मोजता काय?" साहेब म्हणाले, "मोजत न्हाई सर. फक्त भिंतीकडं जाऊ देत न्हाई."

कचेरीच्या मागे त्यांनी चुन्याचा एक हौद बांधून घेतला होता. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, भिजवायची, पाण्याखाली ठेवायची आणि मुरू द्यायची. चुना जितका मुरेल तितका चांगला, ही त्यात गंमत. डागडुजीला तो काढायचा, दगडी चाकाच्या घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचं पाणी घालायचं. हिरडा आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातून यायचा. एकदा अंदाजपत्रकात 'हिरडा' असं लिहिलेलं पाहून हिशेब शाखेतले एक गृहस्थ धावत आले. म्हणाले, "साहेब, ह्ये औषधाचं हाय. आपल्या दरसूचीत बसत न्हाई. आरोग्य खात्याकडं पाठवू का?" साहेबांनी शांतपणे सांगितलं, "पाठवा. त्यांना सांगा, पेशंट लई जुना हाय, उभ्यानंच औषध घेतो." खात्यात चुना लावणारे पुष्कळ, भिजवणारे हे एकटेच, असं आम्ही कनिष्ठ मंडळी त्यांच्या माघारी म्हणायचो. आता कळतं की आम्ही चेष्टेत खरं बोलत होतो.

त्या हौदावर बबन मिस्त्री काम करायचे. चुन्यात हात घालून घालून त्यांच्या बोटांची कातडी वर्षभर सोललेली असे. साहेब आणि मिस्त्री दुपारी भिंतीला टेकून भाकरी खात आणि कोणत्या कोपऱ्याला यंदा हात लावायचा यावर भांडत. मिस्त्री गेले. त्यांची मुलं आळेफाट्याला गॅरेजात आहेत, चांगलं कमावतात. चुन्याचं काम पुढे कुणी धरलं नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खात्यानेच ते काम मागायचं सोडलं.

साहेबांच्या जिव्हाळ्याबद्दल बोलायचं तर एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, जरी ती गौरवग्रंथात शोभत नाही असं कुणाला वाटलं तरी. माझे वडील मेंढरं राखायचे. उघड्या माळावर वाढलेली मी, अडचणी सोसायची सवय होती. पण नोकरीत आले तेव्हा या जुन्या इमारतींपैकी एकीतही बायकांसाठी मुतारी नव्हती. मी दिवसभर पाणी पीत नसे. कचेरीत उतारे काढायला आलेल्या गावोगावच्या बायकाही पाणी पीत नसत. हे कुणी बोलत नसे, मीही बोलले नाही. एके दिवशी वरच्या साहेबांच्या दालनाला जोडून खासगी स्वच्छतागृह करायचं काम मंजूर झालं. हांडेसाहेबांनी ते काम आहे तसं ठेवलं, फक्त जागा बदलली. मागच्या ओसरीच्या टोकाला, वाऱ्याच्या तोंडाशी, बायकांसाठी दोन खोल्या झाल्या. मलवाहिनी जोत्यापासून लांबून फिरवली, म्हणजे भिंतीलाही त्रास नाही. वरचे साहेब संतापले. हांडेसाहेब म्हणाले, "सर, तुमचा बंगला समोरच हाय. त्या बाया निरगुडसरवरनं येत्यात."

पुढे एकदा एक म्हातारी त्या ओसरीतून बाहेर आली आणि साहेबांना तिथला कारकून समजून म्हणाली, "भाऊ, ज्यानं कुणी ह्ये बांधलंया, त्याच्या लेकीबाळी सुखी ऱ्हावोत." साहेबांना अपत्य नाही. ते नुसते हसले आणि तिला उताऱ्याची खिडकी कुठली ते दाखवायला गेले. मला त्यांनी त्या खोल्यांबद्दल एक शब्द कधी बोलून दाखवला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरून असायचा.

साहेब निवृत्त झाले. नंतर जे आले त्यांना कचेरीत रस नव्हता, पण त्यांनी तिला त्रासही दिला नाही. गटार तुंबलं तरी होतं, हौद वापरात नव्हता तरी होता. अशा दुर्लक्षात दगडी इमारती बरीच वर्षं काढतात. तिच्या वाट्याला नुसतं दुर्लक्ष आलं असतं, तर ती आजही टेकूंशिवाय उभी असती. तिच्या वाट्याला आलं प्रेम.

साहेबांची पंच्याहत्तरी जवळ आली तशी गौरव समिती स्थापन झाली. अध्यक्ष आप्पा. आप्पांना या परिसरात ओळख करून द्यायची गरज नाही. एका गावाचे माजी सरपंच, दिलदार माणूस, साहेबांच्या हाताखाली ठेकेदारी शिकलेले. त्यांचा साहेबांवर इतका जीव की साहेबांचा फोटो त्यांच्या देवघराशेजारी आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. आप्पांच्या मनात आलं की सत्कार कुठल्या कार्यालयात नको, दगडी कचेरीच्या अंगणातच झाला पाहिजे. कल्पना कुणालाही आवडावी अशीच होती. मलाही आवडली. मग आप्पा म्हणाले, सत्काराआधी कचेरी नटवायची आणि साहेबांना आधी कळू द्यायचं नाही. माझी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती. मला कळलं ते काम संपल्यावर.

निधी लगोलग मिळाला, कारण सुशोभीकरणाला मिळतो. आतबाहेर सिमेंटचा गिलावा झाला. त्यावर चकचकीत रंग. सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक. जोत्याभोवतीचं दगडी गटार बुजवलं, चुन्याचा हौदही बुजवला, कारण तिथे व्यासपीठ येणार होतं. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसली: 'श्री. सीताराम हांडे यांच्या कार्याच्या गौरवार्थ'. साहेबांनी उभ्या नोकरीत जे जे होऊ दिलं नाही, ते ते सगळं त्यांच्या नावाने, महिनाभरात झालं. करणाऱ्या एकाच्याही मनात पाप नव्हतं. राग कुणावर धरावा तेच सापडत नाही.

नटलेली कचेरी दाखवायला आप्पा साहेबांना गाडीतून घेऊन आले, त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले होते. फटाके लागले. साहेब गाडीतून उतरले, दारात थांबले आणि सवयीने इमारतीला फेरी घालायला निघाले. मागच्या कोपऱ्यावर ते थबकले.

"आप्पा, गटार कुठंय?"

"बुजवलं साहेब!" आप्पांचा चेहरा उजळला होता. "लई घाण व्हती वो. डास, कचरा. आता बघा कसं चकाचक."

साहेबांनी नव्या गिलाव्यावर तळहात ठेवला आणि तसाच बराच वेळ ठेवला. आजूबाजूच्यांना वाटलं, म्हातारा गहिवरला. दोघांचौघांनी मोबाइलवर फोटो काढले. त्यातला एक फोटो या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे. आपण तो पाहिला असेल, तर आता पुन्हा पाहावा.

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "आप्पा, माझं एक ऐका. सत्कार नका करू. त्याऐवजी एवढं ब्लॉक काढा, गटार मोकळं करा आणि खालचा तरी गिलावा खरवडा. पावसाच्या आत."

"काढू की साहेब," आप्पा म्हणाले, "कार्यक्रम झाल्यावर काढू." आणि आमच्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, "बघा राव, अजून किती साधा माणूस. स्वतःच्या नावाचं कायबी नको म्हंत्यात."

साहेबांचा विनय म्हणून ती विनंती सगळीकडे सांगितली गेली. तिच्यावर टाळ्याही पडल्या. मी आणि साहेबांनी रीतसर अर्ज केले. उत्तर आलं की नुकत्याच पूर्ण झालेल्या कामाला ठेकेदाराच्या हमीची मुदत संपेपर्यंत हात लावता येणार नाही. नियम चूक नाही. नवं काम लगेच कुणी उखडू नये म्हणूनच तो केला आहे. मी कार्यालयात जाऊन सांगितलं की हे काम टिकलं तर इमारत टिकणार नाही. समोरचे तरुण अधिकारी सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण कामात दोष काहीच नाहीये. उलट गिलावा उत्तम लागलाय." तेही खरंच होतं. गिलावा उत्तमच लागला होता, आत जाणारा वारा त्याने पुरता बंद केला होता.

मधल्या काळात सत्काराच्या तारखा पुढे जात राहिल्या, कारण ज्यांच्या हस्ते व्हायचा ते मोकळे होईनात. आणि पावसाळा काही कुणाच्या तारखांसाठी थांबत नाही. कौलांवरचं पाणी ब्लॉकवर पडलं, गटार नाही म्हणून जोत्याशी साठलं, फटींतून खाली मुरलं आणि भिंतीत चढलं. बाहेर पडायला वाट नव्हती. नव्या रंगाला फोड आले. आत लोणा लागला, मिठासारखी पांढरी पूड सुटली, गिलाव्याचे पापुद्रे सुटले. मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली, आणि एका दुपारी ओसरीचा कोपरा खाली बसला. बायकांच्या त्या दोन खोल्या सगळ्यांत आधी गेल्या. सुदैवाने आत कुणी नव्हतं. कार्यालय भाड्याच्या जागेत हललं. बाहेरची तज्ज्ञ मंडळी येऊन तपासून गेली आणि त्यांनी इमारत वापरण्यास धोकादायक ठरवली. आता तिच्या जागी तीन मजली इमारत प्रस्तावित आहे. 'धोकादायक'ची पाटी लागली त्या दिवशी आप्पा टेकूंपाशी उभं राहून लहान मुलासारखे रडले. "आमी तर चांगलंच कराया गेलो व्हतो, मॅडम," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांची समजूत घालता आली नाही. कारण ते खरं बोलत होते.

सत्कार आता आळेफाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयात होणार आहे, हे पत्रिकेत आपण वाचलंच असेल.

या लेखासाठी मी गेल्या महिन्यात पिंपरी पेंढारला साहेबांकडे गेले होते. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. साहेब कुठे विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कुठं असणार? चुन्याला पाणी घालत्यात. देवाचं पाणी चुकंल यांचं, पण त्या चुन्याचं चुकायचं न्हाई." मला आधी कळेना. मग परसात गेले. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी कचेरीच्या हौदातला थोडा चुना मागून घेतला होता. परसातल्या एका लहान हौदात तो त्यांनी आजवर जपला आहे. रोज सकाळी वर पाणी घालायचं, ओलं गोणपाट पसरायचं. मिस्त्रींनी शेवटचा भिजवलेला तो चुना आता लोण्यासारखा झाला आहे. साहेबांनी बोटावर घेऊन मला दाखवला.

"असा चुना आता कुठं मिळायचा न्हाई, कोकरेबाई," ते म्हणाले.

मी विचारलं, "साहेब, पण आता हा कशासाठी?" विचारल्यावर जीभ चावली.

ते गोणपाट सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मी एक हिशेब करून बघितला. मी पंच्याहत्तरीच्या आधी गेलो असतो, तर कचेरी उभी राहिली असती. माझा सत्कार नसता, तर तिच्याकडं कोण बघत व्हतं? तिला माझं नाव लागलं आणि ती गेली."

साहेब, असं नका म्हणू, असं म्हणायला हवं होतं. पण या माणसाने मला खोटी भिंत कधी उभारू दिली नव्हती, त्यामुळे त्यांच्यापुढे खोटं बोलता येईना. त्यांचा हिशेब बरोबर होता. काकूंनी आतून चहा झाल्याचं सांगितलं आणि आम्ही हात धुतले.

वाचकहो, प्रथेप्रमाणे लेखाच्या शेवटी उत्सवमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी ते लिहायला घेतलं आणि खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा खोडलं. ज्या माणसाला अजून जगायचं म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत जेसीबी आलेला पाहायचं आहे, त्याला शंभर वर्षं जगा म्हणणं आशीर्वाद आहे की शिक्षा, हे मला ठरवता येईना. दगडी कचेरी आता वाचणार नाही. मी खात्यातली आहे, फायली कशा चालतात ते मला ठाऊक आहे, आणि खोटी आशा दाखवण्याची मला लाज वाटते.

पण या दोन तालुक्यांत अजून चार-दोन जुन्या भिंती उभ्या आहेत, ज्यांच्यावर अद्याप कुणाचं प्रेम बसलेलं नाही. त्यांतल्या एखादीला उद्या चीर पडेल. एखादा नवा अभियंता, कदाचित माझ्यासारखा तोऱ्यात आलेला, चुकून विचारेल की सिमेंट नको तर मग काय. त्याला कुणीतरी पिंपरी पेंढारचा पत्ता सांगेल. येईलच असं नाही. मला विचाराल तर येणार नाही.

तरीही साहेब, आपण निरोगी राहा, आपले हात चालते राहोत. परसातलं ते गोणपाट आपल्या हाताने रोज ओलं होत राहो. आणि जर कधी कुणी चुना मागायला आलाच, तर तो आपलं दार वाजवेल तेव्हा आतून आपलाच आवाज येवो, "थांबा, आलो. आधी मला सांगा, तुमच्या भिंतीचं पाणी कुठं जातंय?"